अंगठ्याचं पथ्यपाणी

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याची आमच्या सोसायटीत सगळ्यांशी ओळख आहे. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की चेहऱ्याआधी नजर चपलेकडे जाते. "काय म्हणतंय युरिक अ‍ॅसिड?" आणि उत्तराला न थांबता उपाय. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू अ‍ॅपल सायडर व्हिनेगर सांगतात, जिममध्ये जाणारा त्यांचा मुलगा चेरीचा ज्यूस सांगतो, माझा साडू गुळवेलीचा काढा, मेहुणी सकाळी अनशापोटी मध-लिंबूपाणी. वॉचमन म्हणतो, "साहेब, गप पडून राहा." त्यातल्या त्यात मला त्याचंच पटतं.

मधुमेह झाला म्हटलं की लोक हळहळतात. गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात बसून होणारा माझा हा आजार, झाला म्हटलं की हसतात. "आता जरा कमी करा," म्हणतात. काय कमी करायचं ते सांगत नाहीत, सांगायची गरज वाटत नाही. या आजाराला फार जुनी बदनामी चिकटलेली आहे: खाऊनपिऊन सुखी माणसाचा आजार, जिभेच्या लाडाची शिक्षा. त्यामुळे कुणालाही तुमच्या ताटात डोकवायचा हक्क मिळतो, आणि तुम्हालाही हळूहळू वाटायला लागतं की खाण्याने आला तो खाण्यानेच जाईल. या हिशेबात कुठे गफलत आहे ते मला सांगायचंय. पथ्य मी पाळतो, आवर्जून पाळतो. पण पथ्याला त्याच्या मापापेक्षा मोठा अंगरखा शिवला जातो, ही माझी तक्रार आहे.

आधी दुखण्याबद्दल, कारण ज्याला झालेलं नाही त्याला ते खरं वाटत नाही. झोपताना काही नसतं. रात्री दीड-दोनच्या सुमाराला आधी सांध्याला जाग येते, मग आपल्याला. अंगठ्याचं मूळ लालबुंद, चकचकीत, तापलेलं. चादर लागली तरी ओरडावंसं वाटतं. थॉमस सिडनहॅम नावाच्या इंग्रज वैद्याला स्वतःलाच गाऊट होता आणि 1683 साली त्याने त्यावर सविस्तर लिहून ठेवलं. पांघरुणाचं वजन सहन होत नाही आणि खोलीत कुणी चाललं तर त्याचा हादरासुद्धा सोसत नाही, असं त्यात आहे. हादऱ्याची गोष्ट मला वाढवून सांगितल्यासारखी वाटायची. मग एका सकाळी स्वयंपाकघरात चटणीसाठी मिक्सर लागला.

रात्रच का आणि अंगठाच का, याला कारण आहे. रक्तात युरिक अ‍ॅसिड एका मर्यादेपर्यंतच विरघळून राहतं. शरीराच्या नेहमीच्या तापमानाला ही मर्यादा 100 मिलिलिटरमागे 6.8 मिलिग्रॅमच्या आसपास आहे. त्याच्या वर गेलं की चहात जास्त झालेली साखर जशी कपाच्या बुडाशी बसते तसे त्याचे खडे धरायला लागतात, फक्त हे खडे सुईसारखे टोकदार असतात. थंड जागी विरघळण्याची ताकद आणखी कमी. पायाचा अंगठा हृदयापासून सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत गार. शिवाय रात्रभर आपण पाणी पीत नाही. दुखण्याचा झटका मध्यरात्रीपासून सकाळी आठपर्यंतच्या वेळात येण्याची शक्यता दिवसाच्या मानाने दुपटीहून जास्त असते, असं एका मोठ्या पाहणीत दिसलं आहे.

आमच्या घरात सांधा दुखला की दोनच गोष्टी होतात: तेल चोळणं आणि शेक. आई मालवणची, वय ऐंशीच्या पुढे, तव्यावर विटेचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळून आणते. तिला सांगावं लागतं की आई, यात शेक चालत नाही, चोळायचं तर मुळीच नाही, पाय उशीवर ठेवून बर्फाची पिशवी ठेवायची. बर्फाने वात वाढतो, हे तिचं ठाम मत आहे. मी बर्फ लावतो तेव्हा ती खोलीबाहेर जाते. पण औषधाचा असर चालू होईपर्यंतच्या त्या तासांत घरातल्या उपायांपैकी खरा दिलासा बर्फानेच मिळतो. शेकाने सूज आणखी चढते.

आता ताटाकडे. युरिक अ‍ॅसिड येतं प्युरीन नावाच्या द्रव्यातून, आणि प्युरीन प्रत्येक पेशीत असतं, आपल्याही आणि आपण खातो त्यांच्याही. पेशी जुन्या होतात, मोडतात, त्यांच्या प्युरीनचा शेवट युरिक अ‍ॅसिडमध्ये होतो. साधारण दोन तृतीयांश युरिक अ‍ॅसिड शरीर स्वतःच्याच घडामोडीतून तयार करतं, खाण्यातून येतं ते उरलेलं एक तृतीयांश. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे मोडून सहज विरघळणारा पदार्थ करणारं युरिकेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. आपल्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावलं. गाईला आणि मांजराला जी सोय आहे ती आपल्याला नाही. बाहेर टाकण्याचं काम मुख्यतः मूत्रपिंडांवर, आणि बहुतेक रुग्णांत खोट तिथेच असते: तयार जास्त होत नाही, बाहेर कमी पडतं. ते किती बाहेर पडावं हे बरंचसं जन्मतःच ठरून येतं. माझ्या मामाच्या कोपरावर लिंबाएवढी गाठ होती. ती चरबीची आहे असं सगळ्यांनी आयुष्यभर धरलं, होती ती याच खड्यांची. मामा दारूला शिवला नाही, मटण सणासुदीला. जिभेचे लाड केले म्हणून त्याला हे झालं, असं कुणी म्हणावं?

आपल्याकडे गाऊटचं निदान झालं की पहिली गदा डाळीवर येते. मग पालक, फ्लॉवर, वाटाणा, टोमॅटो, मशरूम. मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांत यांच्यापुढे लाल फुल्या असतात. डाळीत प्युरीन असतं, हे खरं. पण अमेरिकेत 47,000हून जास्त पुरुषांच्या आहाराची 12 वर्षं नोंद ठेवून 2004 साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मांस आणि मासळीने गाऊटचा धोका वाढलेला दिसला, प्युरीन असलेल्या भाज्यांनी आणि कडधान्यांनी वाढलेला दिसला नाही, आणि दूध-दह्याने, विशेषतः कमी स्निग्धांशाच्या, तो उलट कमी झालेला दिसला. ज्या घरात प्रथिनं मुख्यतः वरणातूनच येतात तिथे वरण बंद केलं तर त्याची जागा कोण घेतं? बटाटा, साबुदाणा आणि गोडधोड. शाकाहारी माणसाला डाळ सोडायला लावून त्याच्या हातात मध-लिंबूपाण्याचा पेला देणं हा तर विनोदच आहे. मधात फ्रुक्टोज नावाची साखर असते, आणि फ्रुक्टोज पचवताना यकृत स्वतःच युरिक अ‍ॅसिड तयार करतं. गोड शीतपेयांचं हेच. 2008 सालच्या अभ्यासात रोज दोन किंवा जास्त गोड शीतपेयं पिणाऱ्या पुरुषांत गाऊटचा धोका, महिन्याला एकही न पिणाऱ्या किंवा एकाहून कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत, 85 टक्क्यांनी जास्त होता. हॉटेलात मांसाहाराची ऑर्डर देणाऱ्याकडे लोक बघतात, मँगो ज्यूस मागवणाऱ्याकडे कुणी बघत नाही.

साडूशी वाद घालता यावा म्हणून मी चरकसंहिता उघडली. हेतू फारसा चांगला नव्हता, पण वाचून थक्क झालो. चिकित्सास्थानाच्या 29व्या अध्यायात वातरक्ताची कारणं दिली आहेत. आजचा गाऊट आणि तेव्हाचं वातरक्त तंतोतंत एकच, असं म्हणता येणार नाही, वातरक्ताची व्याप्ती मोठी आहे. पण यादी बघा. पाण्यातल्या प्राण्यांचं मांस, तेही सुकवलेलं. सुरा आणि आसव. ऊस. उडीद, कुळीथ, पावटा. दिवसा झोपणं, रात्री जागणं. आणि हे कुणाला होतं? नाजूक प्रकृतीच्या, सुखाने खाणाऱ्या, 'अचंक्रमणशील' म्हणजे चालण्याची सवय नसलेल्या लोकांना. खुर्चीत बसून हे वाचणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने यावर काय बोलावं! सुकी मासळी, दारू आणि ऊस ही तीन नावं एकत्र आलेली पाहून मला त्या जुन्या निरीक्षणाबद्दल खरा आदर वाटला. त्याच यादीत दही आणि ताकही आहे. तिथे मी चरकांची क्षमा मागून नव्या अभ्यासांच्या बाजूला जातो आणि दुपारी पेलाभर पातळ ताक पितो. जुनं सगळं खरं किंवा जुनं सगळं खोटं, अशी निवड करायची सक्ती कुणी केलेली नाही.

सुक्या मासळीचा मुद्दा मात्र मला लागला. बांगडा, तारली, पेडवे, मांदेली ही आमची रोजची मासळी. पावसाळ्यात बोटी बंद असल्या की सुकट, सोडे, सुका बोंबील. लहान तेलकट मासळीत प्युरीन भरपूर, आणि सुकवलं की पाणी उडून जातं, बाकी सगळं तिथेच राहतं. मूठभर जवळा म्हणजे किती मासे, याचा हिशेब कुणी करत नाही. मी पूर्ण सोडलेलं नाही. सुकट बंद केली, तारली क्वचित, मासे आठवड्यातून एखाद्या वेळी आणि तुकडा लहान. कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी यांना नमस्कार. त्यातल्या भेज्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

आणि पाया सूप. सांधे दुखतात म्हटलं की मांसाहारी घरांत हमखास कुणीतरी पायाचं सूप सुचवतं, हाडाला हाड, सांध्याला सांधा. शिजवताना प्युरीन पाण्यात उतरतं, म्हणजे मांस तासन्‌तास उकळून केलेला रस्सा हाच गाऊटवाल्याने टाळायचा. शिजवलेलं पाणी ओतून देऊन तुकडा खाल्ला तर एक वेळ चालेल. पण रस्सा ओतून देणारं मराठी घर अजून माझ्या पाहण्यात नाही.

झटके कधी येतात याची वही ठेवली की आपलं पंचांगच समोर येतं. गटारी अमावस्या: मटण, बिअर आणि जागरण, आणि लगेच श्रावण. अर्थात लोक दोष गटारीला देतात आणि श्रावण पुण्याचा धरतात. पण कडक उपवासही झटका आणतो. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून निघणारी किटोन द्रव्यं मूत्रपिंडातून बाहेर पडताना युरिक अ‍ॅसिडची वाट अडवतात. त्यात पाणीही प्यायलं नाही तर बघायलाच नको. निर्जळी एकादशी, मे महिन्यातल्या लग्नातली धावपळ, उन्हात पायी चालून घसा कोरडा पडलेला असताना वरून उसाचा रस. वजन कमी करायचं हेही बरोबर, त्याने युरिक अ‍ॅसिड उतरतं, पण ते हळूहळू. महिन्यात दहा किलोचं वेड घेणाऱ्याचा अंगठा आधी निषेध नोंदवतो.

दारूबद्दल थोडक्यात: बिअर सगळ्यांत वाईट, कारण तिच्यात अल्कोहोलही आहे आणि प्युरीनही. कडक दारू त्याखालोखाल. वाईन थोडी प्यायली तर चालते असं काही अभ्यास म्हणतात. झटक्याच्या काळात त्यावर विसंबून राहायला मी तयार नाही.

आता सोसायटीच्या औषधालयाकडे येतो. चेरी: 2012 साली 633 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांनी दोन दिवसांत चेरी खाल्ल्या त्यांना पुढच्या झटक्याचा धोका 35 टक्क्यांनी कमी दिसला. रुग्णांनी स्वतः कळवलेली ही माहिती होती, त्यामुळे हा इशारा समजावा, पुरावा म्हणून फार ओढू नये. काश्मीर-हिमाचलच्या चेरी उन्हाळ्यात चार दिवस बाजारात येतात, तेव्हा मी त्या खातो, कारण त्या छान लागतात. बाटलीतला गोड ज्यूस नाही. अ‍ॅपल सायडर व्हिनेगर: गाऊटवर ते काम करतं असं दाखवणारा पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही, दातांचं आवरण झिजतं हे मात्र खरं. खायचा सोडा पाण्यातून घेणं: लघवी अल्कधर्मी होते, पण त्यातल्या सोडियमने रक्तदाब असलेल्या माणसाचं नुकसान होतं. कॉफी: रोज पिणाऱ्यांत गाऊट कमी दिसतो. हे कळल्यापासून बायको मला कॉफी नाही म्हणत नाही. लिंबूपाणी: साखर आणि मध न घालता असेल तर प्यावं, निदान त्यानिमित्ताने पाणी पोटात जातं. पाणी हाच त्यातला मुख्य भाग आहे.

गुळवेलीवर साडूचा फार जीव. वातरक्तावर तिचं नाव ग्रंथांतही पुढे आहे, आणि ती अजिबात निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. पण कोरोनाच्या काळात घरोघरी काढे सुरू झाले, तेव्हा मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं 2021 साली नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी वगैरे. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. माझ्यापुरतं एवढंच की घ्यायचीच असेल तर शिकलेल्या वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावी. आवारातल्या कडुनिंबावर चढलेली वेल तोडून आणून उकळणं याला देखरेख म्हणत नाहीत.

नैसर्गिक उपाय मागणाऱ्या प्रत्येकाला मला एक झाड दाखवायचं असतं. पावसाळ्यात कोकणात कुंपणांवर, डोंगरउतारांवर कळलावी फुलते. पाकळ्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या, वर लाल, ज्वाळा उठल्यासारख्या. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. तेच द्रव्य युरोपातल्या कोल्चिकम या फुलझाडात आहे, तेच काश्मीरकडच्या सुरंजानात, जो युनानी हकीम सांधेदुखीवर शेकडो वर्षं देत आले. फ्रान्समध्ये 1820 साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं. आजही गाऊटच्या झटक्यावर डॉक्टर जी छोटी गोळी देतात ती याच कोल्चिसिनची. म्हणजे गाऊटवरचा सगळ्यांत खात्रीचा नैसर्गिक उपाय आमच्या गावच्या कुंपणावर आहे, आणि तो खाल्ला तर माणूस मरतो. उपयोगी मात्रा आणि मारक मात्रा यांत अंतर इतकं कमी की पूर्वी डॉक्टरही जुलाब लागेपर्यंत गोळ्या द्यायचे आणि जुलाब लागले की थांबायचे. आता लहान मात्राही तितकंच काम करते हे सिद्ध झालंय. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा काही विशिष्ट अँटिबायोटिक चालू असेल तर तीही जड जाते. कळलावी म्हणून फोटोपुरतीच ठेवावी.

माझ्या बाबतीत सगळ्यांत सोपा बदल ताटात नव्हता, गोळ्यांच्या डब्यात होता. रक्तदाबासाठी मी जी गोळी घेत होतो तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. या गटातली बरीच औषधं युरिक अ‍ॅसिड अडवून धरतात. हृदयासाठीची लहान अ‍ॅस्पिरिनही तेच करते, क्षयरोगावरचं पायराझिनामाइडही. यातलं काहीही आपल्या मनाने बंद करायचं नसतं, पण डॉक्टरांसमोर सगळा डबा उघडून ठेवायचा असतो. माझी रक्तदाबाची गोळी बदलली, आणि काकडी खायची की नाही यावर घरात चाललेल्या सगळ्या चर्चांपेक्षा त्याने जास्त फरक पडला.

आता तो हिशेब. माझा आकडा नऊच्या वर होता. काटेकोर पथ्याने हा आकडा साधारण एकाने कमी होतो, काहींचा थोडा जास्त. जमलेले खडे विरघळायचे तर आकडा सहाच्या खाली हवा आणि वर्षानुवर्षं खालीच हवा. ही वजाबाकी तिसरीतल्या मुलाला जमेल. उरलेलं अंतर गोळी कापते. ती गोळी, अ‍ॅलोप्युरिनॉल, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आली. कर्करोगावरच्या एका औषधाचा असर टिकावा म्हणून ते संशोधन चाललं होतं, त्यातून गाऊटवाल्यांचं भलं झालं. दोघांना 1988 साली नोबेल मिळालं. गोळी रोज घ्यायची, दुखत नसताना घ्यायची, लहान मात्रेपासून चढवत न्यायची. अंगावर पुरळ आलं तर त्या क्षणी थांबवून डॉक्टरांना गाठायचं.

इथे एक चकवा आहे आणि तो सांगून ठेवायला हवा. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, कारण जुने खडे हलायला, विरघळायला लागतात. लोक इथेच सोडतात. "इंग्रजी औषधाने उलटंच झालं," म्हणतात आणि काढ्याकडे जातात. म्हणूनच डॉक्टर सुरुवातीचे तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनसारखं काहीतरी देतात. दुसरा चकवा असा की ऐन झटक्यात रक्त तपासलं तर आकडा चक्क नॉर्मल येऊ शकतो. तेवढ्यावरून गाऊट नाही असं ठरत नाही.

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. वय तिशीचं, कंपनीने करून घेतलेल्या तपासणीत युरिक अ‍ॅसिड 7.4 आलं होतं, पुढे लाल बाण. घाबरला होता. "मामा, गोळी सुरू करू का तुझी?"

दुखलंय का कधी? नाही. मुतखडा झालाय का? नाही. मग आकड्यासाठी गोळी सहसा देत नाहीत, असं त्याला सांगितलं. पुष्कळांचा आकडा वाढलेला असतो आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना जन्मात कधी गाऊट होत नाही. टाच दुखते म्हणाला, तर ती टाच आहे, बूट बघ. मग ऑफिसातल्या फ्रिजबद्दल विचारलं. दिवसाला दोन कॅन कोल्ड्रिंक, शनिवारी बिअर, आणि सध्या सोळा तासांचा उपवास, ज्यात तो पाणीही मोजून पितो. डाळ मात्र त्याने रिपोर्ट आल्यादिवशीच बंद केली होती.

"डाळ सुरू कर," मी म्हटलं. "कॅन बंद कर. उपवास करायचाय तर पाणी पी. आजोबा-मामाकडून हे चालत आलंय ते तुझ्या डॉक्टरांच्या कानावर घाल, आणि रक्तदाब मोजून घे. सांधा कधी लाल होऊन सुजला तर सरळ जाऊन दाखव, दुकानातून पेनकिलर घेऊन दिवस काढू नकोस, मूत्रपिंडं तुझी एकच जोडी आहेत. ताप असेल तर त्याच दिवशी जा, तो गाऊट नसून सांध्यात जंतू शिरलेले असू शकतात."

तो लिहून घेत होता. मागून त्याच्या आईचा, माझ्या बहिणीचा आवाज आला, "विचार त्याला, कुळथाची पिठी चालते का?"